समाजमंदिर, मैदान आणि त्यांची कागदपत्रे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबरच वाचनालये, सामाजिक केंद्रे व अभ्यासमंडळे काढण्याचाही समावेश होता. एकत्र बसण्याची आणि वाचण्याची जागा ही समाजाची गरज आहे, हे त्या काळीच ओळखले गेले होते. आज गावोगाव समाजमंदिरे उभी आहेत, शेजारी लहानमोठे पटांगणही असते. हे सारे सांभाळतात बिनपगारी कार्यकर्ते. त्यांच्या कामाचा येथे थोडा अभ्यास करू.

मैदानाला फार जागा लागते, असे आपण धरून चालतो. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ × १० मीटरचे असते, म्हणजे १३० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. खो-खोच्या २७ × १६ मीटरच्या मैदानाला सव्वाचार गुंठे पुरतात. फक्कीने रेषा आखायला दोन मुले आणि एक दोरी पुरे.

खरी अडचण जागेच्या कागदाची आहे. पुष्कळ ठिकाणी कार्यकर्ते ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवून निश्चिंत असतात. परंतु तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. जागा गावठाणातील आहे, गायरान आहे की कोणी दान दिलेली आहे, हे आधी पाहावे. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्व राज्यांना दिला. त्यामुळे गायरानावर कागदाशिवाय उभी असलेली वास्तू केव्हाही अडचणीत येऊ शकते. दान तोंडी असेल तर दात्याच्या हयातीतच नोंदणीकृत दानपत्र करून घ्यावे. नातवंडांच्या काळात जमिनीचा भाव वाढलेला असतो, आणि आजोबांचा शब्द कोणाला आठवत नाही.

संस्था नोंदलेली असेल तर तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम (मूळ नाव मुंबई, १९५०) लागू होतो. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. हे कलम कार्यकर्त्यांना जाचक वाटते. आम्हांला ते समाजाचे कुंपण वाटते. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून जातो, आणि पुढे बँकेत सह्या बदलायच्या वेळी दप्तरी नावे दिवंगतांचीच निघतात. आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसणारे. असे चेहरे अनेकदा पाहतो.

खाते संस्थेच्या नावाने असावे, सह्या दोघांच्या असाव्यात. लग्नाचे भाडे घेतले की पावती फाडावी, मग ते अध्यक्षांच्या घरचे लग्न का असेना.

किल्लीचा प्रश्न मात्र कायद्याने सुटत नाही. किल्ली एकाच घरी राहिली की मंदिर त्या घराचे होते. मंडपाचे बांबू, सतरंज्या आत येतात आणि मुले बाहेर. दुसरी किल्ली अभ्यास करणाऱ्या मुलामुलींपैकी एकाकडे द्यावी. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि लग्नसराई जवळजवळ येतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सायंकाळी ७ ते १० सभागृह अभ्यासिकेसाठीच, असा ठराव दिवाळीनंतरच्या बैठकीत करून दारावर लावावा. तारखा ठरवायला येणाऱ्या वधूपित्याने तो आधी वाचावा.