एका गेमसाठी कन्सोल घ्यावा का?

परीक्षेत आपण ब्रेक-इव्हनची गणितं सोडवतो. तोच नियम खिशाला लावून पाहू.

'ग्रॅन टुरिस्मो ७' हा रेसिंग गेम मार्च २०२२ मध्ये आला. तो खेळायला पीएस-५ घ्यावा का? हा कन्सोल भारतात २०२१ मध्ये आला तेव्हा किंमत होती ४९,९९० रुपये.

सूत्र सोपं: (कन्सोल + गेम − विकून येणारे पैसे) ÷ तास. समजा एकूण ५५,००० लागले, पास आऊट होताना २५,००० आले. आठवड्याला ३ तास, वर्षाला ४० आठवडे, २ वर्षं, म्हणजे २४० तास. तासाला १२५ रुपये!

शिवाय हा गेम पीएस-४ वरही चालतो. नव्यावर लोडिंग झटपट, चित्र सरस. पण गाड्या अन् ट्रॅक तेच. त्यातले बहुतेक मोड नेटशिवाय चालत नाहीत. जामखेडला आमच्याकडे लाईट गेली की नेटही जातं.

पप्पांच्या तुरीचे पैसे एकदाच येणार आणि प्रोजेक्टसाठी लॅपटॉप हवाच आहे.

तात्पर्य, एकट्याने एका गेमसाठी नको. चौघांनी कॉन्ट्री काढून प्रत्येकी तेवढेच तास खेळले तर तासाला ३१ रुपये. मग विचार करावा. मी तूर्त लॅपटॉप घेतोय. कॉन्ट्रीला कोण तयार आहे, बोला!