जयपूरची सहल आणि साठ जणांचा गट



शैक्षणिक सहल जयपूरला जायची म्हटली की आमेरचा किल्ला, जंतरमंतर, हवामहल आणि संध्याकाळी टोंक रोडवरची चोखी ढाणी हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. या स्थळांचा इतिहास ग्रंथालयातल्या पुस्तकांत मिळेल. तो वाचूनच बसमध्ये बसा. आजचा पाठ वेगळा आहे. त्या स्थळांवर आपल्याबरोबर जी इतर माणसे असतील, त्यांचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

मोठमोठे गोंगाटी गट येतात आणि नीट काही पाहू देत नाहीत, ही तक्रार सहलीहून परतलेला प्रत्येक जण करतो. घरच्यांबरोबर गेला असाल तेव्हा तुम्हीही केली असेल. आता मात्र साठ कॅडेट, एकसारखे ब्लेझर, पुढे शिक्षक आणि मागे हवालदार असा ताफा घेऊन आपण निघणार आहोत. म्हणजे लोक ज्या गटाबद्दल तक्रार करतात, तो गट आपणच. गटातल्या कोणालाच आपण गोंगाट करतो आहोत असे वाटत नसते, हीच यातली खरी अडचण आहे.

असे का होते? आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 साली हे नोंदवले, म्हणून या प्रकाराला लोंबार परिणाम म्हणतात. मेसमध्ये रोज याचा अनुभव येतो. एक टेबल मोठ्याने बोलू लागले की शेजारचे टेबल त्याहून मोठ्याने बोलते, आणि पाच मिनिटांत कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही. शिवाय साठ जण एकाच पट्टीत बोलले, तर एकट्याच्या आवाजापेक्षा पातळी साधारण 18 डेसिबलने वाढते. दगडी भिंतींच्या दालनात तो आवाज घुमतो ते वेगळेच. म्हणून ‘हळू बोला’ असे ओरडून सांगण्यात अर्थ नसतो. सांगणारा त्या आवाजात भरच घालतो.

आता प्रत्यक्ष स्थळांकडे वळू. जंतरमंतर सवाई जयसिंह (दुसरे) यांनी बांधले. 1734 च्या सुमारास ते पूर्ण झाले आणि 2010 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. जयसिंहांच्या दरबारातले पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. हे जगन्नाथ पंडित मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात, हे मराठी पानावर सांगायलाच हवे. तिथले बृहत् सम्राट यंत्र म्हणजे सुमारे 27 मीटर उंचीचे सूर्यघड्याळ आहे. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर सरकते. उभ्या जागी काळ पुढे जाताना डोळ्यांनी दिसतो, अशी ठिकाणे जगात फार नाहीत.

पण ही सावली पाहायला किमान दोन मिनिटे स्थिर उभे राहावे लागते. साठ जणांचा गट तिथे एकदम भिडला की पहिला बळी त्या सावलीचाच जातो, कारण माणसांच्याच सावल्या मोजपट्टीवर पडतात. शेजारी आईवडिलांबरोबर आलेले एखादे लहान मूल असते. गाईडने त्याला नुकतेच सांगितलेले असते, ‘आता या रेघेकडे बघत राहा.’ तेवढ्यात आपण पोहोचतो आणि त्याची रेघ दिसेनाशी होते. त्याचे पालक कुठेही तक्रार करणार नाहीत, बाजूला होतील आणि निघून जातील. आपल्यातल्या कोणाला ते कळणारही नाही. असे नुकसान भरून देता येत नाही, म्हणून मी त्याला किरकोळ मानत नाही.

तिथलेच राशिवलय यंत्र मात्र आपल्या सोयीचे आहे. बारा राशींची बारा यंत्रे शेजारी शेजारी उभी आहेत आणि येणारा प्रत्येक जण आपापली रास शोधून फोटो काढतो. साठांना बाराने भागले की पाच. पाच-पाच जणांच्या तुकड्या आधीच पाडल्या, तर कुठेही गर्दी होत नाही आणि प्रत्येकाला बोलायला माणूसही मिळतो. (रास माहीत नसेल तर घरी फोन करून विचारून ठेवा. तिथे उभे राहून आईला फोन लावणारेच सगळ्यांत जास्त वेळ घेतात.)

हवामहलात प्रश्न रुंदीचा येतो. सवाई प्रतापसिंहांनी 1799 मध्ये बांधलेली ही पाच मजली इमारत रस्त्यावरून प्रचंड दिसते, पण वरचे मजले जेमतेम एका खोलीच्या जाडीचे आहेत. वर जायला पायऱ्यांपेक्षा अरुंद उतरणीच जास्त. थोडे गणित करू. मीटरभर रुंदीच्या सपाट वाटेतून सेकंदाला साधारण एक ते सव्वा माणूस जातो. आपण हिशेबाला एक धरू. पुढच्या कॅडेटने झरोक्यापाशी थांबून फोटो काढायला 30 सेकंद घेतले, तर त्याच्यामागे 30 माणसे साठतात. वाट दीड मीटर रुंद असेल आणि माणसे चौरस मीटरला चार अशी दाटली, तर ही 30 माणसे पाच मीटर वाट पूर्ण बंद करतात. समोरून उतरणारा आजोबांचा गट आता ना खाली येऊ शकतो, ना मागे जाऊ शकतो. आणि हे सगळे एका फोटोने.

दाटी चौरस मीटरला पाच-सहाच्या पुढे गेली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही, गर्दीच त्याला हलवते. अशा वेळी बहुतेक मृत्यू तुडवले गेल्यामुळे होत नाहीत. छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यामुळे होतात. 29 सप्टेंबर 2017 रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या जिन्यावर 23 जण गेले. पाऊस पडत होता, जिना अरुंद होता आणि माणसे थांबलेली होती. ‘फूल गिरा’ हे शब्द कोणीतरी ‘पूल गिरा’ असे ऐकले आणि घबराट पसरली, अशी हकीकत तेव्हा बातम्यांत आली होती. ती ध्यानात ठेवून विचार करा: अरुंद जागी गंमत म्हणून मारलेली आरोळी मागच्या माणसाला कशी ऐकू येईल, हे ओरडणाऱ्याच्या हातात नसते.

मग शिस्तीत, एका रांगेत, कदम मिळवून चालावे का? आपल्या शाळेतल्या मुलांना पहिला सुचणारा उपाय हाच असतो. तो चुकीचा आहे. साठ जणांची रांग मीटर-मीटरच्या अंतराने चालली तर ती 60 मीटर लांब होते आणि एका दारातून जायला पूर्ण मिनिट घेते. तेवढा वेळ आडवे जाणाऱ्या माणसाला वाट मिळत नाही, कारण गणवेशातली रांग तोडायला लोक बिचकतात. परेडवर जी तुकडी देखणी दिसते, तीच बाजारात भिंत होते. सैन्यालाही हे ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये 1831 साली ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिक कदम मिळवून चालले आणि पूल कोसळला. त्यानंतर पुलावर कदम मोडून चालण्याचा हुकूम रूढ झाला. कदम कुठे मिळवायचा आणि कुठे मोडायचा, हा ड्रिलचाच भाग आहे.

म्हणून आपण दहा-दहाच्या सहा तुकड्या करायच्या. दोन तुकड्यांत निदान दोन मिनिटांचे अंतर ठेवायचे, म्हणजे मधल्या वेळात इतरांना जाता येईल. हजेरी दारात घ्यायची नाही, मोकळ्या चौकात घ्यायची. आमेरला त्यासाठी उत्तम जागा आहे. सूरजपोलमधून आत गेल्यावर लागणारा जलेब चौक सैन्याने जमण्यासाठीच बांधलेला आहे. मोजणी, पाणी, सूचना, चिक्कीचे वाटप, सगळे तिथे उरका. सिंहपोलच्या पायऱ्यांवर थांबू नका. सकाळी त्याच चौकात हत्ती येतात. त्यांच्यासमोर धावणे आणि शिट्ट्या मारणे याबद्दल मी इथे लिहीत नाही, त्याची सूचना हवालदारसाहेब त्यांच्या भाषेत देतील.

आमेरबद्दल आणखी एक गोष्ट. हे मिर्झाराजे जयसिंहांचे ठाणे. 1665 चा पुरंदरचा तह ज्यांनी घडवला तेच हे, आणि शीशमहालही त्यांच्याच काळातला. तिथे पोचल्यावर मराठी मुलांच्या तोंडी जयघोष येणे स्वाभाविक आहे. तो जलेब चौकात एकदा, पूर्ण दमाने द्या. गणेशपोलच्या आत नको. शीशमहालाच्या आत सोडत नाहीत, कठड्याबाहेरूनच पाहावे लागते. त्यामुळे पुढच्या ओळीत जो उभा, त्यालाच दिसते. दोन मिनिटे बघा आणि मागे या. आपल्या मागे आपलेच दहा जण नसतात, केरळची किंवा बंगालची कुटुंबेही असतात. त्यांनाही या आरशांसाठीच इतका प्रवास केलेला असतो.

न ओरडता गट कसा आवरायचा, हे शिकायला आपल्याला परदेशी पुस्तक लागत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला आजचे शिस्तबद्ध रूप दिले ते सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी. ते शिंद्यांच्या लष्करात सरदार होते. दिंड्यांचे क्रम, रथापुढच्या आणि रथामागच्या जागा, यांत लष्करी नजर दिसते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि हजारो वारकऱ्यांचे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात; चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. वारीइतका मोठा आणि नादमय समुदाय दुसरा क्वचितच असेल, तरी थांबण्याची खूण मात्र डोळ्यांनी पाहायची आहे. आपणही तेच करू. तुकडीप्रमुखाने हात वर केला की ज्याला दिसेल त्याने गप्प व्हायचे आणि स्वतःचा हात वर करायचा. ज्याला काही सांगायचे असेल, त्याने हात वर केल्यावर खाली घ्यायचा नाही.

चोखी ढाणीत कठपुतळी, नाच, जादू आणि जमिनीवर बसून जेवण अशी राजस्थानी खेड्याची हुबेहूब मांडणी आहे. तिथे गोंगाट असतोच आणि असावाही. तिथे जाऊन कुजबुजत बसा असे कोणी म्हणणार नाही. अडचण एवढीच की कठपुतळीवाल्यासमोरची जागा लहान असते. साठ जण एकदम बसले तर खेळ फक्त आपल्यासाठी होतो. दोन तुकड्या कठपुतळीकडे, दोन नाचाकडे, दोन जेवायला, आणि पाऊण तासाने बदल. पुढच्या ओळीत लहान मुलांना बसू द्या; तुम्हाला त्यांच्या डोक्यावरून दिसते, त्यांना तुमच्या पाठीआडून दिसत नाही.

आणि दुसराच एखादा गट आपल्यापेक्षा गोंगाटी निघाला तर? त्यांच्यावर आवाज चढवला तर काय होते ते वर लोंबार प्रकरणात आलेच आहे. दहा मिनिटे थांबा, किंवा क्रम उलटा करा. त्यांच्या शिक्षकांशी बोलायचे असेल तर आपल्यातल्या एकाने नम्रपणे बोलायचे, बाकीच्यांनी मागे उभे राहून चेहरे करायचे नाहीत.

सहलीआधीचा अभ्यास असा. रविवारी नाश्त्याच्या वेळी मेसच्या दाराची रुंदी मोजा. साठ जण एका दमात आत जायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहा. मग एकाला दारात बुटाची नाडी बांधायला 30 सेकंद थांबवा आणि मागे किती जण साठले ते मोजा. तिसऱ्या वेळी दहा-दहाच्या तुकड्यांनी जा, आणि मधल्या अंतरात मेसच्या वाढप्यांना भांडी घेऊन आरपार जाता येते का ते बघा. तिन्ही वेळांचे आकडे वहीत मांडून सोमवारी वर्गात आणा. दारात नाडी कोणी बांधायची, ते आधीच ठरवून ठेवा.