‘युरोपच्या टोका’ला जाण्याआधी

नॉर्वेच्या अगदी उत्तरेला होनिंग्सवोग नावाचं मासेमारीवर जगणारं छोटंसं गाव आहे. जहाज लागतं ते इथेच, पण क्रूझच्या माहितीपत्रकात हे नाव बारीक अक्षरात येतं आणि ठळक अक्षरात येतं ‘नॉर्थ केप, युरोपचं शेवटचं टोक’. माझी तक्रार इथूनच सुरू होते. 307 मीटर उंचीचा तो कडा मागेरोया बेटावर आहे, म्हणजे मुख्य भूमीचं टोक तो नव्हेच. ते पूर्वेकडचं किन्नारॉडन. बेटाचंच टोक म्हणाल, तर शेजारचं क्निवशेलॉडन आणखी उत्तरेला गेलेलं आहे. पण तिथे तंगडतोड करावी लागते, म्हणून बस जिथवर जाते ते टोक ठरलं. आणि हे पुरतं ठाऊक असलेले लोकच ती सहल अव्वाच्या सव्वा दराने गळ्यात मारतात.

‘टोक नसेना का, एवढ्या लांब जाऊन बघायचं नाही का?’ असं कुणी म्हणेल. जरूर बघावं, कडा भव्यच आहे. पण धुकं उतरलं की समोरचा समुद्रही दिसत नाही. धुकं क्रूझ कंपनीच्या हातात नाही, कबूल. मात्र तिथे उन्हाळ्यातही ते वरचेवर असतं, हे आधी सांगणं तिच्याच हातात असतं. ते सांगायचं नाही आणि कुणी विचारलंच तर निसर्गाकडे बोट दाखवायचं, ही कुठली रीत? मध्यरात्रीच्या सूर्याचंही तसंच. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो मावळत नाही हे खरं. पण जहाज संध्याकाळीच सुटणार असेल, तर मध्यरात्री त्या कड्यावर असणार कोण?

म्हणून पैसे भरण्याआधी जहाज किती वाजता लागणार आणि किती वाजता सुटणार, हे लेखी घ्या. स्वतःची गाडी ठरवून गेलात तर भरपूर वेळ हाताशी ठेवून परता. कंपनीच्या सहलीची बस रखडली तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबेलच असं नाही. उबदार कपडे हवेतच. आभाळ गच्च भरलेलं असेल तर सरळ गावात फिरा. धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर 1885 मधलं पांढरं लाकडी चर्च आहे. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गाव जाळलं, त्यातून वाचलेली ही एकच इमारत. परतलेल्या गावकऱ्यांनी पहिला आसरा तिच्यातच घेतला. गावात बघण्यासारखं काही नाही, असं सहल खपवणारे सांगतात. ते साफ खोटं आहे.