वावर गेलं, विहीर राहिली

प्रश्न : आम्ही हिंगणा रोडच्या बाजूला एका लेआउटमध्ये राहतो. पंधरा वर्षांपूर्वी इथे पऱ्हाटी आणि तूर उभी असायची. मोकळ्या जागेत शेतातली जुनी विहीर अजून आहे. ती जेमतेम ४० फूट खोल, पण मार्चमध्येही तिच्यात पाणी दिसतं. तिच्यापासून शंभर पावलांवर आम्ही ३०० फूट बोअर मारली, ती मात्र जानेवारीतच हवा फेकू लागते. वर पाणी आणि खाली कोरडं, हे कसं? आता ती विहीर बुजवून तिथे उद्यान करायचा विचार चालू आहे. करावं का?

उत्तर : उद्यानाचं शेवटी पाहू. आधी तुमचं कोडं. उथळ विहिरीला पाणी आणि खोल बोअर कोरडी, हे उलटं वाटतं, कारण जमिनीखाली पाण्याचा मोठा रांजण पुरलेला आहे आणि हात जितका खोल जाईल तितकं पाणी जास्त, अशी आपली समजूत असते. आपल्याकडे जमिनीखाली रांजण नाही, खडक आहे.

नागपूर दोन खडकांच्या शिवेवर वसलंय. पश्चिमेकडे काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरत गेला, त्याची पूर्वेकडची कड इथे येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. पूर्व नागपूरकडे त्याहूनही पुष्कळ जुने, नाईससारखे खडक लागतात. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी धर्मप्रचाराचं काम सांभाळून एकोणिसाव्या शतकात या परिसराच्या खडकांचा अभ्यास केला होता. दोन्ही खडकांत एक गोष्ट सारखी आहे. ते अखंड असतील तर पाणी धरत नाहीत. पाणी राहतं ते खडकाच्या भेगांत, आणि वरच्या बाजूला झिजून भुसभुशीत झालेल्या भागात. या भागाला आपण मुरूम म्हणतो.

तुमची ४० फुटी विहीर नेमकी या मुरमात बसली आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरमात उतरतं, खालच्या कठीण पाषाणावर अडतं आणि चारी बाजूंनी झिरपत विहिरीत येतं. बोअरचं तसं नाही. बोअर मारताना वरचा भुसभुशीत भाग ढासळू नये म्हणून गाडीवाला तिथे केसिंग पाइप घालतो. म्हणजे ज्या थरात पाणी आहे, तोच थर पाइपाआड जातो. त्याखालच्या पाषाणात एखादी भेग लागली तर बोअरला पाणी, नाही लागली तर ३०० फुटांची धूळ. शेजाऱ्याला लागलेली भेग तुमच्या प्लॉटखालून जाईलच, असंही नाही.

आता घेराचा हिशेब करू. १५ फूट रुंद विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ५,००० लिटर, अगदी एक टँकर. सहा इंची बोअरमध्ये एक फूट पाणी म्हणजे साडेपाच लिटर, अर्धी बादलीसुद्धा नाही. विहीर रात्रभर हळूहळू भरते आणि सकाळी तुम्हाला एकदम देते. बोअरला साठवायला जागाच नाही. झरा मंद असेल तर मोटर दहा मिनिटांत हवा ओढू लागते.

विहिरीत मार्चमध्ये पाणी दिसण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जरा अडचणीचं आहे. तिच्यातून कोणी उपसत नाही. चार घरांनी मोटारी लावल्या की तीही उन्हाळ्यात तळ दाखवेल. विहीर म्हणजे अक्षयपात्र नाही. ती बचत खातं आहे. पावसाळ्यात जमा, उन्हाळ्यात खर्च.

बोअर मारण्याआधी तुम्ही पाणाड्याला बोलावलं होतं का, हे पत्रात लिहिलेलं नाही. बोलावलं असेल तर संकोच नको, पुष्कळ जण बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहिला की पाणी, असा हिशेब. मुरमाच्या पट्ट्यात कुठेही विहीर खणली तरी थोडंफार पाणी लागतंच, त्यामुळे पाणाड्याचं नाव टिकून राहतं. बोअर कोरडी गेली की दोष नशिबाचा. नारळाला भेग दिसत नाही, हे मात्र खरं. तुमच्या भागाची भूजलाची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे मागा आणि शेजारच्या चार बोअरच्या नोंदी विचारा. नारळ चटणीला ठेवा.

प्रश्न : मग जमिनीत पाणी मुरवावं म्हणून आम्ही पावसाळ्यापूर्वी चार फुटांचा खड्डा खणून गच्चीचा पाइप त्यात सोडला. खड्डा आठ दिवस डबक्यासारखा भरून राहिला आणि डास झाले. आमची माती तर काळी, कसदार. काळी माती पाणी धरते म्हणतात ना?

उत्तर : धरते, अगदी घट्ट धरते. म्हणूनच सोडत नाही. तुमच्या खड्ड्याला तिचा हाच गुण नडला.

काळ्या मातीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण फार असतात. ओल लागली की ते फुगतात, वाळले की आक्रसतात. एप्रिल-मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर भेगा पडतात, त्यात बांबूची काठी घालून पाहा. दोन-तीन फूट आत जाईल. मृगाच्या पहिल्या सरी या भेगांतून थेट खाली उतरतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचं तोंड बंद होतं. त्यानंतरचा पाऊस मुरतो तो मुंगीच्या पावलानं, बाकीचा उताराकडे पळतो. कुंपणाच्या भिंतीला दर उन्हाळ्यात तडे जातात आणि पावसाळ्यात ते थोडे मिटतात, त्यामागेही हीच उलाढाल आहे. सिमेंटमध्ये खोट असेलच असं नाही.

शेतकऱ्याला मातीचा हा स्वभाव ठाऊक होता. म्हणून तो उताराला आडवी वखरणी-पेरणी करायचा आणि धुरे राखायचा. धुऱ्यापाशी पाणी थांबलं की मातीला ते पिण्याइतका वेळ मिळायचा. लेआउट पडलं तेव्हा आधी धुरे सपाट झाले. मग छत, फरशी आणि सिमेंटचा रस्ता आला, आणि तोही बहुधा घराच्या ओट्यापेक्षा उंच. पावसाला थांबायला जागाच उरली नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. इतका पाऊस शेतांनाही पेलला नसता, हे मान्य. पण उघड्या जमिनीने त्यातला काही वाटा घेतला असता. सिमेंटने सगळाच नालीत ढकलला.

आता खड्ड्याची दुरुस्ती. तो काळ्या मातीत संपता कामा नये, माती ओलांडून मुरमात उतरला पाहिजे. मुरूम किती फुटांवर आहे, हे घर बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारा. फुगणाऱ्या मातीवर घर उभं राहत नाही, म्हणून कॉलमचे खड्डे त्याने मुरमापर्यंतच नेले असतील. त्याला आकडा तोंडपाठ असतो. खड्ड्याच्या तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर जाड रेती घाला. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं, ते बाहेर सोडा. खड्डा सेप्टिक टँकपासून शक्य तितका दूर असू द्या, नाहीतर मुरवायला गेलात पाऊस आणि मुरलं भलतंच.

एवढ्याशा छताने काय होणार, असंही मनात येईल. नागपूरला वर्षाला १,००० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,००० चौरस फुटांचं छत सुमारे ९३ चौरस मीटरचं, म्हणजे त्यावर ९३,००० लिटर पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी जवळपास ७५,००० लिटर उरतं. टँकरच्या भाषेत १५ टँकर, एका घराचे. तुमच्या लेआउटमध्ये घरं किती आहेत, तो गुणाकार तुम्हीच करा.

प्रश्न : सांदवाडीत हौसेनं संत्रा लावला. पाणी भरपूर देतो, तरी पानं पिवळी पडतात आणि खोडातून डिंक येतो. नागपूरच्या जमिनीत संत्रा होत नसेल तर कुठे व्हायचा?

उत्तर : तुमच्या वाक्यातले ‘पाणी भरपूर देतो’ हे शब्दच रोगाचं मूळ आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नागपूरच्या प्रत्येक सांदवाडीला मिळालेलं नाही. काटोल-नरखेडच्या चांगल्या बागा पाहिल्या तर जमीन मध्यम खोलीची दिसते आणि खाली मुरूम असतो, म्हणून जादा पाणी निघून जातं. खोल, चिकण काळ्या मातीत पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही. ओल्या बुंध्यात बुरशी शिरते आणि साल फुटून डिंक पाझरतो. बागायतदार याला डिंक्या म्हणतात.

उपाय सोपा आहे. पाणी खोडाला लागू देऊ नका. खोडाभोवती मातीचं एक छोटं कडं करा आणि त्याच्या बाहेर दुसरं मोठं. पाणी दोन कड्यांच्या मधल्या आळ्यात द्या. कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर माती ओढून तो उघडा करा. डिंक येतो ती जागा खरवडून स्वच्छ करा आणि बोर्डो मलम लावा. वरची माती वाळल्याशिवाय पुन्हा पाणी नको.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो बहुधा लोहाच्या कमतरतेचा प्रकार आहे. जमिनीत लोह असतं, पण आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे ते झाडाला उचलता येत नाही. अशा वेळी कोणी ‘थोडा चुना टाका’ म्हणालं तर त्याचे आभार माना आणि टाकू नका. ‘रेती मिसळा’ हाही सल्ला ठरलेलाच असतो. घमेलंभर रेतीने चिकण माती मोकळी होत नाही. दरवर्षी घातलेलं कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत मात्र तिला हळूहळू मोकळं करतं.

अंदाज करत बसण्यापेक्षा माती तपासून घ्या. सांदवाडीत पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती खरवडा. सगळी एकत्र करून चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करा. सावलीत वाळवून माती तपासणी प्रयोगशाळेत द्या. शेतकऱ्यांसाठी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली, तिच्यात मातीचे १२ गुण तपासले जातात. गंमत अशी की मातीचं सर्वेक्षण करणारा राष्ट्रीय ब्यूरो, कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आणि १९०६ पासूनचं कृषी महाविद्यालय, हे सगळं नागपुरातच आहे. दूरदूरचे शेतकरी इथे माहितीसाठी येतात. आपण मात्र त्यांच्या फाटकावरून रोज ऑफिसला जातो.

आता उद्यानाचं. विहीर बुजवू नका. ती बुजवलीत तर जमिनीखाली काय चाललंय हे पाहायची लेआउटमधली एकमेव खिडकी बंद होईल. आधी तिच्यावर लोखंडी जाळी बसवा. आत निर्माल्य साचलं असेल तर ते काढा आणि पुन्हा टाकू देऊ नका. तपासल्याशिवाय ते पाणी पिऊ नका, मात्र झाडांना आणि धुण्याला ते चालेल. आसपासच्या छतांचं पाणी रेती-गिट्टीतून गाळून तिच्यात सोडा, रस्त्यावरचं नको.

आणि लेआउटमधल्या पोरांना एक काम द्या. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. पोरांनी त्याच महिन्यांत मोठ्या माणसासोबत जायचं. दोरीला दगड बांधून जाळीतून सोडायचा, पाण्याला टेकेपर्यंतचे फूट मोजायचे आणि वहीत लिहायचे. ऑक्टोबर आणि मे यांतला फरक म्हणजे तुमच्या भागात जमिनीतून गेलेलं पाणी, काही उपसलेलं, काही आपोआप झिरपून गेलेलं. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की नवी बोअर मारायची की नाही, यावर सभेत आवाज चढवावा लागणार नाही. वही उघडली की झालं.

उद्यान जरूर करा, पण विहिरीभोवती. झाडांना पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न तुमच्या सभेत कोणीतरी विचारेलच. तेव्हा बोट दाखवायला ती जागेवर असू द्या.