उकळलेले पाणी आणि फवारणीचे औषध

प्रश्न : यवतमाळकडील आमच्या काळ्या रानात वडिलांच्या वेळेपासून कपाशीवर फवारणी होते. जमीन कायमची नासली काय? विहिरीचे पाणी उकळून प्यावे काय?

उत्तर : जमिनीविषयी आपण निराश होऊ नये, शेणखतावर पोसणारे सूक्ष्मजीव अलीकडील बहुतेक औषधांचे कालांतराने विघटन करतात, मात्र २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केलेल्या एंडोसल्फानासारखी द्रव्ये चिकण मातीला दीर्घकाळ धरून राहतात व पावसाळ्यात गाळाबरोबर ओढ्यात उतरतात, म्हणून बांध शाबूत राखावेत. उकळण्याने जंतू मरतात, परंतु औषध सहसा जात नाही; पाणी आटले तर त्याचा अंश अधिकच दाटतो. कीटकनाशकांची तपासणी मुद्दाम सांगून करवावी, कारण नेहमीच्या चाचणीत ती बहुधा होत नाही. अहवाल येईतो पिण्यास दुसरे पाणी घ्यावे, आणि विहिरीकाठी पंप धुणे, जे मला सर्वांत घातक वाटते, आजच बंद करावे.