एका नावाची गावे

मी अंबडचा म्हटले, की पुण्या-मुंबईचा माणूस हमखास विचारतो, "कोणत्या कारखान्यात?" त्याच्या डोळ्यांपुढे नाशिकची औद्योगिक वसाहत असते, मत्स्योदरी देवीची टेकडी नसते. आमचे अंबड तालुक्याचे ठिकाण. १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात, त्यानंतर जालन्यात. राजा अंबरीषावरून नाव पडले, असे जुनी माणसे सांगतात. आख्यायिकाच ती, नाशिकच्या अंबडला कशी लागू पडावी?

नावे सारखी झाली, की लोकव्यवहारच तोड काढतो. थोरल्या गावाला बुद्रुक, धाकट्याला खुर्द. दोन्ही शब्द मूळचे फारसी. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांबला समर्थ रामदासांच्या जन्मामुळे (१६०८) 'जांब समर्थ' म्हणतात. आम्हांला मात्र 'जालन्याचे अंबड' असे सांगावे लागते, आणि ते मला खटकते.