वांग्याचा काही दोष नाही

पालकहो, मुलाला दीर्घकाळ चालणारा आजार आहे हे कळलं, की तुमचा पहिला प्रश्न औषधाचा असतो आणि दुसरा लगेच खाण्याचा: "काय द्यायचं, काय नाही?" मी लहान मुलांची डॉक्टर आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. खरं सांगायचं तर आमच्यातले बरेच जण "सगळं द्या" एवढंच म्हणून तो वाटेला लावतात, कारण बाहेर रांग लागलेली असते. मग तुम्ही उत्तर दुसरीकडे शोधता. आत्या सांगते, शेजारच्या काकू सांगतात, मोबाइल तर दिवसभर सांगत असतो. तिथं कुणालाच घाई नसते. म्हणून आज रांग बाजूला ठेवून बोलू.

ठेच लागली की अंगठा लाल होतो, सुजतो, ठणकतो. ही सूज शरीराच्या कामाची असते. जखम भरली की ओसरते. काही मुलांच्या शरीरात मात्र ठेच नसताना सूज येते आणि ओसरायचं नाव घेत नाही. गुडघ्यात आली तर बालसंधिवात, आतड्यात आली तर क्रोन्स किंवा सिलिअ‍ॅक, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर हल्ला झाला तर टाइप १ मधुमेह. रोगप्रतिकारक शक्ती घरच्यांवरच उठते, असं म्हणा हवं तर. या सगळ्यांना मोबाइलवर एकच 'दाह कमी करणारा आहार' सांगितला जातो. तिथंच माझा आक्षेप आहे. या आजारांत अन्नाचं काम एकसारखं नाही. एका आजारात अन्न हाच संपूर्ण उपचार आहे, तर दुसऱ्यात अन्नावर विसंबलात तर मूल दगावेल.

बालसंधिवातापासून सुरुवात करते, कारण तिथं स्वयंपाकघरातली भीती सगळ्यात जास्त. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली आणि सहा आठवड्यांहून जास्त टिकलेली सांध्याची सूज, दुसरं कारण सापडत नसेल तर, आम्ही या नावाखाली धरतो. मूल सकाळी उठल्यावर लंगडतं, जिना उतरताना कठडा धरतं आणि दुपारी अंगणात पळतं. घरच्यांना वाटतं, शाळा चुकवायचं निमित्त आहे. निदान झालं की मात्र उलटं टोक: "वात आहे ना, मग आंबट बंद." चिंच जाते, दही जातं, ताक जातं. पाठोपाठ वांगं, हरभऱ्याची डाळ, वाटाणा, बटाटा. कुणी तरी दूधही सोडायला सांगतं. आधीच आजारानं भूक मेलेल्या मुलाच्या ताटात भात आणि मुगाचं वरण उरतं, आणि त्या पोराला वाटायला लागतं की आपण वांगं खाल्लं म्हणूनच गुडघा सुजला.

वांग्यानं किंवा चिंचेनं बालसंधिवात होतो, अथवा ते सोडल्यानं बरा होतो, याला पुरावा नाही. एखाद्या मुलाला एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल तर तो तेवढा टाळा, पण अख्खी यादी बंद करू नका. या मुलांना प्रथिनं आणि कॅल्शिअम इतरांपेक्षा कमी नको, उलट नीट हवं. सूज स्वतःच हाडं कमकुवत करते, आणि स्टेरॉइड द्यावं लागलं तर त्यात भर पडते. दही-ताक काढून टाकणं म्हणजे नेमकं जे हवं तेच काढणं.

या आजारात सूज आटोक्यात आणायचं काम औषधांचं आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, रोज नाही. ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. त्यासोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी असते. मळमळ आणि तोंड येणं तिच्यामुळे कमी होतं, तेव्हा ती 'नुसती ताकदीची गोळी' समजून गाळू नका. औषध टाळलं तर सांधा झिजतो, सुजलेल्या गुडघ्याचा पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाढू शकतो. आणि डोळे! काही मुलांच्या डोळ्यात आतून सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि दृष्टी हळूहळू जाते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली तपासणी कुठल्याही पथ्यापेक्षा महत्त्वाची आहे.

आता नेमकं उलटं चित्र. सिलिअ‍ॅकमध्ये गोळी नाहीच, गहू सोडणं हाच उपचार. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय १९३०च्या दशकातच आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं त्या उपासमारीतही सुधारल्याचं त्यांनी पाहिलं. १९५०मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून आजपर्यंत उपचार तोच आहे: गहू आणि जव आयुष्यभर बंद. मूल वाढायला लागतं, पोट बसतं, रक्त वाढतं.

आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ घरात असतातच, त्यामुळे हे पथ्य आपल्याला सोपं वाटतं. पण गहू लपून येतो. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे गिरणी. गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यात तुमची ज्वारी टाकली, तर पहिल्या काही मुठींत गहूच येतो. ज्वारीवर ज्वारी टाकली तरी आधी काय दळलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. शक्य असेल तर घरची चक्की घ्या आणि तिच्यात गहू घालू नका. घरात सगळ्यांनीच भाकरी खाल्ली तर आणखी उत्तम. एका पोरासमोर बाकीच्यांनी गरम पोळी तुपात बुडवून खाणं बरं दिसत नाही. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका. रक्ताची आणि आतड्याच्या तुकड्याची तपासणी मग खोटी निर्दोष येते आणि निदान लटकतं.

क्रोन्समध्येही आहार हा खराखुरा उपचार असू शकतो. सहा ते आठ आठवडे मुलानं फक्त डॉक्टरांनी दिलेलं पोषक पेय घ्यायचं, बाकी काही नाही. आतड्याची सूज उतरवण्यात हा उपाय स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो आणि वाढ खुंटत नाही, म्हणून युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत अनेक मुलांसाठी तो पहिल्या पसंतीचा आहे. फार कठीण असतं ते. दोन महिने जेवायच्या वेळी काय करायचं, हा प्रश्न मुलापेक्षा आजीला जास्त छळतो. पण हे घरी मनानं करायचं नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय क्रोन्ससारखाच दिसतो. तो नाही याची खात्री आधी हवी.

आणि मग टाइप १ मधुमेह. इथं 'आहारानं इन्सुलिन सुटतं' असं सांगणारे भेटतात, म्हणून थोडा इतिहास सांगते. इन्सुलिन येण्याआधी आहार हाच एक उपचार होता. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन नावाचे डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने, काही वर्षं जगवत. एलिझाबेथ ह्यूज ही त्यांचीच रुग्ण. १९२२च्या ऑगस्टमध्ये, पंधरा वर्षं पूर्ण होताना, तिचं वजन वीस किलोच्या आसपास होतं. तेव्हा टोरांटोत तिला इन्सुलिनच्या शोधकांपैकी एक असलेल्या बँटिंग यांनी इन्सुलिन सुरू केलं. ती १९८१पर्यंत जगली, तिला मुलं झाली. जगातल्या सगळ्यात कडक पथ्यानं जे झालं नाही ते सुईनं केलं. टाइप १च्या मुलाचं इन्सुलिन एखाद्या काढ्यासाठी थांबवलं तर दोन-तीन दिवसांत मूल अतिदक्षता विभागात पोहोचतं, आणि कधी कधी पोहोचतही नाही.

मग रोजच्या जेवणाचा सुजेशी संबंधच नाही का? आहे, पण तो वांग्यातून नाही, पोटावरच्या चरबीतून आहे. १९९३मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा पदार्थ तयार होतो. संधिवाताच्या मुलांना आम्ही जी महागडी इंजेक्शनं देतो त्यांतली काही याच टीएनएफला अडवतात. म्हणजे एकीकडे इंजेक्शन द्यायचं आणि दुसरीकडे गोड सरबतं, वेफर्स, बिस्किटं यांनी चरबी वाढवायची, असा उद्योग होतो. मूल बारीक आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची, पण वजनात एवढी तफावत असूनही आपल्या बाळांची चरबी त्या मानानं टिकून होती, स्नायू मात्र कमी.

स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाला राक्षसी भूक लागते. त्याला रागावू नका, ती भूक गोळीची आहे. त्या दिवसांत घरात फरसाण, पापड, लोणचं ठेवू नका. फुटाणे, काकडी, ताक, उकडलेलं अंडं हाताशी ठेवा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम असतं, तेवढं कुठल्याच बिस्किटात नसतं. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली द्या. माशाच्या तेलानं मोठ्यांच्या संधिवातात दुखणं थोडं कमी होतं असं दिसलं आहे. मुलांसाठी मी बाटलीपेक्षा बांगडा पसंत करते. जवसाची चटणी चांगलीच, पण तिच्यातल्या ओमेगा-३चं माशातल्या प्रकारात रूपांतर शरीर फार थोडं करतं, तेव्हा ती औषध म्हणून खपवू नका.

बाटल्यांबद्दल मी थोडी कडवट होणार आहे. हळद भाजीत हवीच. पण हळदीत करक्युमिन जेमतेम तीन टक्के असतं. ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे सोळा-सतरा ग्रॅम हळद. तेवढी हळद कुठल्या आजीनं आमटीत घातली होती? शिवाय बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क असतो. १९९८मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की त्यानं रक्तातलं करक्युमिन वीस पटींनी वाढतं. हाच अर्क काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवतो. इटलीत २०१९मध्ये हळदीच्या अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आलेले रुग्ण आढळले. मेथोट्रेक्सेटवरच्या मुलाचं यकृत आम्ही रक्त तपासून जपत असतो. त्यावर हा भार कशाला? गुळवेलीचंही तेच. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. पण यकृत सोडा. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती आधीच बेफाम झाली आहे, त्याला 'बूस्टर' द्यायचं कारण काय?

ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर द्यायचं. एक वर्षावरील मुलाची रोजची गरज ६०० युनिट आहे आणि बाजारात मिळणारी पुडी ६०,००० युनिटची, म्हणजे शंभर दिवसांची. ती आठवड्यातून एक, ठरावीक आठवडेच द्यायची असते. काही घरांत ती रोज दिली जाते, आणि मग रक्तातलं कॅल्शिअम चढून उलट्या होतात, मूत्रपिंड बिघडतं.

आमच्याकडूनही एक अपेक्षा तुम्ही ठेवायला हरकत नाही: नवीन काही सुरू केलंत तर ते सांगितल्यावर डॉक्टरांनी ओरडू नये. ओरडतात म्हणून तुम्ही लपवता, हे मला माहीत आहे. तरीही पुढच्या भेटीला येताना मूल जे जे घेतं ते सगळं, काढा, पावडर, पुडी, परदेशातून मामानं पाठवलेली गमीसुद्धा, पिशवीत घालून आणा आणि टेबलावर मांडा. ताटातून काय काय काढलंय त्याची यादीही सोबत असू द्या. रक्ताच्या रिपोर्टइतकीच ती आम्हाला लागते.